मुलगा म्हणतोय गार्चॉम्पला सोडून द्यायचं. काय सांगू त्याला?

निपाणीकर
नमस्कार मंडळी. मी इथं नवीन आहे. माझं निपाणीत किराणा दुकान आहे, खेळातलं मला काही कळत नाही. मुलगा सहावीत आहे. त्याच्या मामानं दिवाळीत स्वतःचा जुना स्विच (हातात धरून खेळायचं यंत्र) दिला, त्यात पोकेमॉन स्कार्लेट हा खेळ आहे. पोरगं जीव लावून खेळतंय आणि मी आडकाठी करत नाही, कारण अभ्यास करूनच बसतो.

परवा कोल्हापूरहून त्याचा मामेभाऊ आला होता. दोघांकडेही गार्चॉम्प नावाचा पोकेमॉन, म्हणजे खेळातला लढणारा प्राणी, दोघांचेही लेव्हल ५०. तरी प्रत्येक वेळी त्याचाच आधी मारतो आणि आमचा पडतो. चार वेळा हरला. मामेभाऊ म्हणाला, "तुझ्याचे आयव्ही खराब आहेत, सोडून दे, नवीन पकड." तेव्हापासून पोरगं गप्प आहे. हा गार्चॉम्प त्यानं लहान गिबल असताना पकडलाय, त्याला 'शेरू' नाव ठेवलंय. काल रात्री मला विचारतो, "पप्पा, सोडून दिला तर परत मिळतो का ओ?"

हे आयव्ही म्हणजे काय? एकाच लेव्हलचे दोन एकसारखे प्राणी वेगळे कसे? दुकानात बसून वाचीन, जरा सोप्या भाषेत सांगा.

अनगोळची अक्का
भाऊ, आधी त्याला सांगा की सोडू नकोस. सोडलेला पोकेमॉन कधीच परत मिळत नाही. बाकीचं सगळं दुरुस्त होतं, एवढं एक होत नाही.

मी शाळेत गणित शिकवते, भाच्यांमुळे या खेळात पडले, तर आकड्यांतूनच सांगते. प्रत्येक पोकेमॉनला सहा गुण असतात: एचपी, अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड. लेव्हल सारखीच असली तरी पडद्यावर दिसतो तो आकडा चार गोष्टींवर ठरतो. पहिली जातीची. गार्चॉम्प जातीचा स्पीड १०२ धरलेला आहे, तो सगळ्या गार्चॉम्पना सारखाच. दुसरी म्हणजे आयव्ही, जन्मतः मिळालेला गुण, प्रत्येक बाबतीत ० ते ३१ मधला कुठलाही. तिसरी ईव्ही, म्हणजे मेहनतीनं कमावलेला गुण. ज्याला हरवाल त्याच्या जातीप्रमाणे हे थेंबाथेंबानं साठत जातं. एका गुणात जास्तीत जास्त २५२, सहाही मिळून ५१०. आणि चौथी नेचर, स्वभाव. स्वभाव एकूण २५ आहेत. त्यातले २० एक गुण दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा दहा टक्क्यांनी कमी करतात, उरलेले ५ काहीच करत नाहीत.

आता लेव्हल ५० च्या गार्चॉम्पचा फक्त स्पीड घ्या. आयव्ही मधलाच, १५. मेहनत शून्य, स्वभाव कोरा. आकडा येतो ११४. त्याला स्पीडची पूर्ण २५२ मेहनत दिली की होतो १४६. मग आयव्ही १५ वरून ३१ केला की १५४. शेवटी स्पीड वाढवणारा स्वभाव दिला की १६९.

म्हणजे ११४ पासून १६९ पर्यंत ५५ चा फरक पडला, त्यातले ३२ मेहनतीचे, १५ स्वभावाचे आणि जन्माचे फक्त ८. ज्या गोष्टीपायी मामेभाऊ "सोडून दे" म्हणतोय, तिचा वाटा यात सगळ्यात लहान आहे. हे पोराला कागदावर मांडून दाखवा. सहावीचं पोरगं आहे, समजेल त्याला.

उसातला माणूस
अक्कांनी बरोबर मांडलंय. मी रायबागकडचा, शेती करतो, आमच्या भाषेत सांगतो बघा. जात म्हणजे उसाचं वाण. को ८६०३२ लावला तर सगळ्या शेतात तेच वाण. आयव्ही म्हणजे बेणं. एकाच वाणाचं बेणं कुणाचं तजेलदार, कुणाचं जरा सुमार. ईव्ही म्हणजे खतपाणी. आणि आपल्याला ठाऊक हाय की, बेणं थोडं उन्नीस असलं तरी वेळेवर पाणी-खत मिळालेला ऊस शेजारच्याला मागं टाकतो.

एकच ध्यानात ठेवा. खताची पोती मोजकी, ५१०. ती सगळ्या वावरात चिमूट चिमूट टाकली तर कुठंच दिसत नाही. दोन गुणांवर टाका, पीक उभं राहतं. पोरानं बहुतेक न कळत सगळीकडं शिंपडलंय.

टिळकवाडीकर
मी थोडं वेगळं मत मांडतो. मी ऑनलाइन रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या लढाया खेळतो आणि तिथं जन्मगुणाकडे डोळेझाक चालत नाही. स्पीडमध्ये एका आकड्यानं कमी असाल तरी समोरचा आधी मारतो, मग ८ चा फरक लहान कसा म्हणायचा? चांगल्या आईबापांपासून अंडी काढणं हा सरळ मार्ग आहे. एकाच्या हातात डेस्टिनी नॉट नावाची वस्तू दिली की आईबापांच्या मिळून बारा आयव्हींपैकी पाच पिल्लाला मिळतात. दुसऱ्याच्या हातात एव्हरस्टोन दिला की त्याचा स्वभाव पिल्लाला मिळतोच. एक-दोन संध्याकाळचं काम आहे. जुन्याला बॉक्समध्ये, म्हणजे खेळातल्या साठवणीत ठेवा, सोडू नका, पण लढाईला नवीन तयार करा.

खानापूरचा पाऊस
टिळकवाडीकर दादा, अंडी काढायचा मार्ग बरोबर आहे, पण पोराला शेरूच हवाय. आणि स्कार्लेटमध्ये जन्मगुणही नंतर भरून काढता येतो. आधी भाऊंकडून आकडे घेऊया, अंदाजानं औषध नको.

भाऊ, पोराला सांगा: शेरूच्या माहितीच्या पानावर सहाही आकडे दिसतात ते इथं लिही. एक गुण लाल खुणेचा असेल, एक निळ्या. लाल म्हणजे स्वभावानं वाढलेला, निळा म्हणजे कमी झालेला. तिथंच एल बटण दाबलं की दुसरा आलेख येतो, तो मेहनतीचा. ज्या टोकाला चमक दिसते तो गुण २५२ वर पोचलेला. आणि बॉक्समध्ये जज (जन्मगुण तपासायची सोय) उघडला असेल तर तो प्रत्येक गुणाला शब्द देतो. 'बेस्ट' म्हणजे ३१, 'फॅन्टास्टिक' म्हणजे ३०, 'व्हेरी गुड' २६ ते २९, 'प्रिटी गुड' १६ ते २५, 'डिसेंट' १ ते १५, 'नो गुड' म्हणजे शून्य. खेळ आकडा सांगत नाही, शब्द सांगतो. नवीन माणूस इथंच फसतो. 'डिसेंट' वाचून बरं वाटतं, पण ते खालून दुसरं आहे.

निपाणीकर
दुकान बंद करून आत्ता बसलो त्याच्याबरोबर. त्यानं सांगितलं, मी लिहितोय. स्पीड ११७. अटॅक १३८, त्याला निळी खूण आहे. स्पेशल अटॅकला लाल. स्वभाव 'मॉडेस्ट' लिहिलंय. जज म्हणतो स्पीड 'प्रिटी गुड', अटॅक 'फॅन्टास्टिक'. आलेख सगळीकडं थोडा थोडा पसरलेला, चमक कुठंच नाही.

तो विचारतोय की 'फॅन्टास्टिक' म्हणजे ३० ना, मग खराब कसा?

अनगोळची अक्का
खराब नाहीच! बाळ, तुझ्या शेरूचा जन्मजात अटॅक ३१ पैकी ३० आहे. त्याचा स्वभाव मॉडेस्ट आहे, म्हणजे स्पेशल अटॅक दहा टक्के वर आणि अटॅक दहा टक्के खाली. गार्चॉम्पची जात अटॅकवाली, अटॅक १३० आणि स्पेशल अटॅक ८०. म्हणजे त्याचा जो हात बळकट, तोच स्वभावानं बांधून ठेवलाय. १३८ दिसतंय, ते स्वभाव कोरा असता तर १५४ दिसलं असतं.

आता स्पीड. ११७ कसा आला ते उलट मोजलं तर आयव्ही आणि मेहनतीचा चौथा भाग यांची बेरीज २० किंवा २१ येते. जज 'प्रिटी गुड' म्हणतो, म्हणजे आयव्ही १६ ते २१. म्हणजे स्पीडची मेहनत जवळजवळ केलेलीच नाही. तुझा भाऊ १६९ वर असणार, तू ११७ वर. तो आधी मारणारच. यात शेरूची काय चूक?

टिळकवाडीकर
आकडे बघितल्यावर माझं म्हणणं मागं घेतो. ३० चा अटॅक असलेला गार्चॉम्प मीही ठेवला असता. मॉडेस्ट बदलायचा, बस्स.

खानापूरचा पाऊस
तर आता कामाचं. इथं बाहेर धो धो पाऊस, वीज गेलीय, मोबाइलवरून लिहितोय, म्हणून टप्प्याटप्प्यानं लिहितो.

स्वभाव बदलायला मिंट मिळतं. चान्सी सप्लाय नावाच्या खेळातल्या दुकानात, खेळातल्याच पैशात २०,००० ला. शेरूला 'जॉली' मिंट द्या. जॉलीनं स्पीड दहा टक्के वर जातो आणि स्पेशल अटॅक खाली, जो त्याला लागतच नाही. एवढ्यानंच स्पीड ११७ चा १२८ होईल आणि अटॅकची निळी खूण जाईल. 'ॲडमंट' दिलं तर अटॅक वाढेल, पण मग १६९ वाल्या भावाच्या मागंच राहाल. म्हणून जॉली.

दुसरं, जुनी विखुरलेली मेहनत काढायची. त्यासाठी बेरी आहेत, एक खाऊ घातली की त्या गुणाचे १० कमी होतात. पोमेग एचपीची, केल्प्सी अटॅकची, क्वालॉट डिफेन्सची, हॉन्ड्यू स्पेशल अटॅकची, ग्रेपा स्पेशल डिफेन्सची, टमाटो स्पीडची. अटॅक आणि स्पीडला हात लावू नका, बाकी चार रिकामे करा. बेरीनं शेरूची माया पण वाढते, ते वेगळंच बरं.

वीज आली, उरलेलं जेवून लिहितो.

उसातला माणूस
म्हणजे खोडवा ठेवायचा म्हणा की. बुडखा तोच, जुनं काढून टाकायचं, नव्यानं खत द्यायचं. नीट राखला तर खोडवा लागणीच्या बरोबरीनं येतो, आमच्या मळ्यात बघितलंय.

खानापूरचा पाऊस
अगदी तेच, काका. आता खताचं.

डेलिबर्ड प्रेझेंट्स या खेळातल्या दुसऱ्या दुकानात पॉवर अँकलेट मिळतं १०,००० ला. ते शेरूच्या हातात द्या. मग ज्या कुणाला हरवाल, त्यामागं स्पीडचे ८ जादा मिळतात. सुरुवातीच्या भागात फ्लेचलिंग नावाचा लहान पक्षी भरपूर आहे, तो स्वतःचा १ स्पीड देतो. ८ आणि १ मिळून ९. नऊ गुणिले २८ बरोबर २५२. म्हणजे २८ फ्लेचलिंग हरवले की काम पूर्ण. अँकलेट नसतं तर २५२ लढाया लागल्या असत्या. अटॅकसाठी पॉवर ब्रेसर ही वस्तू आणि शिंक्स हा पोकेमॉन, हिशोब तसाच.

औषधाच्या बाटल्यांचा दुसरा रस्ता पण आहे. कार्बोस स्पीडला, प्रोटीन अटॅकला, एकेक बाटली १० ची भर घालते. पण २५२ ला २६ बाटल्या, बाटली १०,००० ला, दोन गुणांचे मिळून ५,२०,००० होतात. पोराकडं एवढे असतील तर द्या, नाहीतर २८ पक्षी बरे.

२५२ आणि २५२ झाले ५०४. उरले ६. त्यातले ४ एचपीला द्या, शेवटचे २ कशालाच उपयोगी नाहीत, कारण लेव्हल १०० ला सुद्धा चार ईव्हीला एक आकडा वाढतो.

अनगोळची अक्का
यात दोन गोष्टी पोराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तासभर खेळून काहीच वाढलं नाही म्हणून रडेल. आर बटण दाबून पोकेमॉनला पुढं पाठवतो, तो आपला आपण लढून येतो, ती लेट्स गोची लढाई. तिच्यात ईव्ही मिळत नाहीत. टेरा रेड नावाच्या मिळून खेळायच्या लढाईत पण नाहीत. समोरासमोर रीतसर लढाई लावली तरच.

आणि गटातल्या सगळ्यांना मेहनत मिळते, मैदानात न उतरलेल्यांना सुद्धा. शेरू फ्लेचलिंग मारत असेल तर मागं बसलेल्या पाचांच्या अंगावरही स्पीड चढत जातो. माझ्या भाच्यानं याच नादात एका मठ्ठ, जाडजूड पोकेमॉनला स्पीडची खैरात केली होती. म्हणून त्या वेळी गटात शेरू एकटा ठेवा. कँडी खाऊ घालून लेव्हल वाढवली तर ईव्ही मिळत नाहीत, पण तेच कधीकधी बरं असतं: कँडीवर वाढवलेला पोकेमॉन मेहनतीच्या बाबतीत कोराच राहतो.

टिळकवाडीकर
उरला जन्मगुण. बॉटल कॅप २०,००० ला डेलिबर्डमध्येच. शेरू लेव्हल ५० चा आहे, म्हणजे खेळातल्या मॉन्टेनेव्हेरा गावात ती कॅप देऊन हायपर ट्रेनिंग, म्हणजे जन्मगुण भरून काढणं, करता येईल. आधीच्या तलवार आणि ढाल वाल्या खेळात यासाठी लेव्हल १०० लागायची. साध्या कॅपनं एक गुण, सोनेरी कॅपनं सहाही. स्पीडला एक कॅप द्या, ३१ असल्यासारखाच मोजला जाईल. अटॅकला देऊ नका. ३० आणि ३१ मध्ये लेव्हल ५० ला १८१ आणि १८२ एवढाच फरक आहे.

दोन बारकावे. मिंट आणि कॅप दोन्ही लढाईपुरते. पुढं शेरूची पिल्लं काढली तर त्यांना मूळचेच मिळतील, मॉडेस्ट आणि मूळचा स्पीड. आणि कॅपनं फक्त वर जाता येतं. ट्रिक रूम नावाची चाल आहे, त्यात मंद पोकेमॉन आधी खेळतो. तिथं स्पीडचा शून्य आयव्ही सोन्यासारखा असतो आणि तो कुठल्याही कॅपनं मिळत नाही. अंडी काढायचा माझा आग्रह त्यापुरता अजून कायम आहे. 'नो गुड' दिसला म्हणून बघितल्याबरोबर कुणी सोडू नये, कधीकधी तोच हवा असतो.

शहापूरचा जुना गडी
वाचत होतो, राहवलं नाही. आमच्या वेळी गेमबॉयवर यातलं काहीच दिसायचं नाही. खेळाच्या पहिल्या दोन पिढ्यांत जन्मगुण ० ते १५ होते आणि मेहनतीला एकूण मर्यादाच नव्हती. वेळ असेल तर सगळे गुण काठोकाठ भरायचे. २००२ साली रूबी आणि सफायर हे पोकेमॉनचे खेळ आले तेव्हा ३१, ५१० आणि स्वभाव ही सगळी रचना आली. तेव्हाही आलेख नव्हता. त्या खेळातल्या स्लेटपोर्ट गावात एक बाई होती, मेहनत पूर्ण भरली की ती रिबन द्यायची. भरली का नाही, हे तिच्याकडूनच कळायचं. वहीत रेघा मारून मोजायचो आम्ही. आजच्या पोरांना एल दाबला की दिसतं याचा मला मनापासून आनंद आहे.

निपाणीकर
चार दिवसांनी लिहितोय. क्षमा असावी, दुकानात माल आला होता.

सगळं केलं. पोरानं वहीत फ्लेचलिंगच्या रेघा मारल्या, शहापूरच्या दादांचं वाचून दाखवलं होतं म्हणून. जॉली दिल्यावर १२८ आला, तुम्ही म्हणालात तोच. मेहनत भरल्यावर १६२. कॅपनंतर १६९. अटॅक १८१. प्रत्येक आकडा आधी सांगितलेला बरोबर निघाला की तो ओरडत होता. बायको विचारत होती, काय लॉटरी लागली काय.

काल व्हिडिओ कॉल लावून ऑनलाइन मामेभावाशी खेळले. पहिल्या डावात शेरू आधी मारून गेला, दुसऱ्यात तो. हे कसं? दोघांचा स्पीड १६९ आहे असं त्यानं कबूल केलं.

आणि अजून एक. पोराचा पॉमो नावाचा दुसरा पोकेमॉन लेव्हल ३५ झाला तरी पुढचं रूप घेत नाही. त्यात पण काही लपलंय का?

खानापूरचा पाऊस
वा, शेरू! स्पीड अगदी बरोबरीचा असला की दर वेळी खेळ नाणेफेक करतो, निम्म्या वेळा हा, निम्म्या वेळा तो. आता जिंकणं-हरणं चालींवर आलं.

पॉमोला लेव्हल लागत नाही. त्याला बॉलबाहेर काढून आर दाबून बरोबर चालवायचं, १,००० पावलं. मग एकदा लेव्हल वाढली की पॉमॉट होतो. तो मागं फार राहिला की बॉलमध्ये परत जातो, म्हणून हळू चालवा, स्वारीच्या पोकेमॉनवर बसून पळवू नका. ब्रॅम्ब्लिन आणि रेलॉर पण असेच. खेळ हे कुठंच लिहून देत नाही.

असे आणखी आहेत. प्राइमेपला रेज फिस्ट ही चाल २० वेळा वापरायला लावली की मग लेव्हल वाढताना बदलतो. गिमिगूलला ९९९ नाणी लागतात.

निपाणीकर
पॉमॉट झाला. आमच्या घरात या खोलीतून त्या खोलीत पोरगं चालत होतं आणि पडद्यावर पॉमो. त्याला वाटलं स्वतः पण चालायला पाहिजे. मी काही बोललो नाही.

आता त्याचं शेवटचं: फिनिझन नावाचा मासा. लेव्हल ४१ आहे, ढिम्म हलत नाही. चालवून पण बघितला.

अनगोळची अक्का
त्याला दुसरा माणूस लागतो. युनियन सर्कलमध्ये, म्हणजे एकत्र खेळायच्या सोयीत, अजून कुणीतरी जोडलेलं असताना ३८ किंवा त्यापुढची लेव्हल चढली तरच पॅलाफिन होतो. आणि झाल्यावर पोराला फसल्यासारखं वाटेल, कारण दिसायला जवळजवळ तोच मासा राहतो, अटॅक ७० चा. पण लढाईत त्याला एकदा मागं बोलावून परत मैदानात आणायचं. मग खरं रूप येतं, अटॅक १६०.

निपाणीकर
ऑनलाइन खेळायचं त्याचं सदस्यत्व मामाच्या खात्यावर आहे, ते या महिन्यात संपलं. इथं निपाणीत त्याच्याबरोबर खेळणारं कुणी नाही.

टिळकवाडीकर
दोन स्विच जवळ असले की नेट लागत नाही, लोकल वायरलेसवर युनियन सर्कल होतं. मी दर दुसऱ्या रविवारी आजीकडं संकेश्वरला येतो. तुम्हाला निपाणीहून एसटीनं लांब नाही. बसस्टँडजवळच्या कँटीनमध्ये बसू. पोराला घेऊन या, फिनिझनला आणि शेरूला पण.

निपाणीकर
येतो. रविवारी दुपारी दुकान बंदच असतं. तो विचारतोय की चार्जर आणायचा का.

टिळकवाडीकर
आण म्हणावं. चार वाजता.